आइसलँडला कॅम्परव्हॅनने प्रदक्षिणा: गाडी चालवणारी मी एकटीच, सोबत मैत्रीण. झेपेल का?

रानजाई | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मी (वय ४७, नाशिक) आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण (तिला इथे सुमी म्हणू) यंदा आइसलँडला जायचं म्हणतोय. नवरे आणि मुलं घरी राहणार, हे ठरून गेलंय, त्यावर चर्चा नको. बेटाला वळसा घालणारा एक नंबरचा रस्ता आहे, रिंग रोड, साधारण १,३२२ किलोमीटर. तो दहा-अकरा दिवसांत कॅम्परव्हॅनने करायचा बेत आहे.

आता अडचण. सुमीला गाडी येत नाही. शिकायला तीनदा गेली, तीनदा सोडून आली. मी वीस वर्षं चालवतेय, कसारा घाट पावसाळ्यातही केलाय, पण रस्त्याच्या उजव्या बाजूने कधीच नाही. रोज एकटीने किती चालवणं बरं?

दुसरी अडचण जरा नाजूक आहे. आम्ही दोघी सलग दोन रात्रींपेक्षा जास्त एकत्र राहिलेलो नाही. ती साडेनऊला झोपते, पाचला उठते आणि उठल्यावर गुणगुणते. मी नेमकी उलटी. व्हॅनमधला पलंग फोटोत तरी आमच्या दिवाणाएवढाच दिसतोय. कॅम्परव्हॅन घ्यावी की साधी गाडी आणि मुक्काम गेस्टहाउसला?

चहाबाज | ९ फेब्रुवारी, रात्री १०:५१

पहिल्या प्रश्नाचं माहीत नाही. दुसऱ्यासाठी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खवचट_खापर | ९ फेब्रुवारी, रात्री ११:०५

जंजिऱ्याला प्रदक्षिणा घाला. तेही बेटच आहे, व्हिसा लागत नाही. (हलकेच घ्या.)

उत्तरायण | १० फेब्रुवारी, पहाटे २:१८

दोनदा केलाय हा रस्ता, एकदा जूनमध्ये, एकदा ऑक्टोबरात. एकटीच चालवणार असाल तर ऑक्टोबर डोक्यातून काढा. जूनच. कारण एकच, अंधार पडत नाही. जूनच्या मध्यावर रात्री बारालाही पेपर वाचता येतो. "अंधाराच्या आत पोचलं पाहिजे" ही आपली नेहमीची धास्ती तिथे नसतेच. डोळे जड झाले, बाजूला घ्या, तासभर आडवे व्हा, पुढे निघा. रोज दीडशे ते दोनशे किलोमीटर धरा. त्याहून जास्त धरलंत तर धबधबे काचेतूनच बघाल.

रस्ता चांगला आहे. शेवटचा कच्चा तुकडासुद्धा २०१९ मध्ये डांबरी झाला. वेगमर्यादा डांबरीवर ९०, खडीवर ८०, गावात ५०. दिवे भर उन्हातही चालू ठेवायचे, तसा कायदा आहे. बाकी सवय नसलेल्या काही गोष्टी आहेत. एकपदरी पूल बरेच लागतात, पाटीवर 'एइनब्रेइद ब्रू' लिहिलेलं असतं. जो पुलाच्या जवळ तो आधी जातो, समोरचा थांबतो. दोन लेनचा चक्राकार चौक असेल तर बाहेर पडताना पहिला मान आतल्या लेनवाल्याला. हे मला माहीत नव्हतं, रेक्याविकच्या पहिल्याच चौकात शिकलो. आणि मेंढ्या. उन्हाळ्यात मोकळ्या सोडलेल्या असतात, बहुधा आई आणि दोन कोकरं. आई डावीकडे आणि कोकरू उजवीकडे दिसलं की ब्रेकवर पाय ठेवा, ते धावणारच.

या सगळ्यापेक्षा वाऱ्याला भ्या. व्हॅन म्हणजे चाकांवरचं कपाट. गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे ठेवायचं आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं. वाऱ्याने उलटं फिरून मोडलेलं दार बहुतेक विम्यांत बसत नाही, कागद नीट वाचा. गाडी ऑटोमॅटिक घ्या. पहिले दोन दिवस उजव्या हाताला गिअर शोधण्यात डोकं घालवू नका.

माईची_नात | १० फेब्रुवारी, सकाळी ९:३०

मी विरोधी पक्षात. बहिणीबरोबर गेले होते, कॅम्परव्हॅननेच.

सगळे सांगतात की कॅम्परव्हॅन म्हणजे स्वातंत्र्य, मनाला येईल तिथे मुक्काम. तिथे असं काही नाही. २०१५ च्या कायद्यानंतर रस्त्याकडेला व्हॅनमध्ये झोपायला बंदी आहे. जागामालकाची परवानगी हवी नाहीतर सरळ कॅम्पसाइट गाठायची. म्हणजे रोज संध्याकाळी पोचायचं ठिकाण ठरलेलंच, गेस्टहाउससारखं. फरक एवढाच की गेस्टहाउसमध्ये न्हाणीघर खोलीला लागून असतं. इथे रात्री अडीच वाजता (उजेड असतो, हो) थर्मलवर जॅकेट, जॅकेटवर रेनकोट चढवून, टोपी एका हाताने धरून दीडशे पावलं चालायचं. आमच्या वयाला हे रोज होतं.

शिवाय सामानाची कवायत. रात्री पलंग उघडायचा तर बॅगा पुढच्या सीटवर, सकाळी निघायचं तर बॅगा पुन्हा मागे. आठव्या दिवशी मी माझी बॅग बाहेर गवतावरच ठेवून झोपले. सकाळी वाऱ्याने शेजारच्या तंबूवाल्याकडे पोचवली होती.

पडघम | १० फेब्रुवारी, सकाळी ९:४४

बॅगवाला किस्सा _/\_

उत्तरायण | १० फेब्रुवारी, दुपारी १:१०

माईची_नात, कायद्याचं बरोबर आहे, पण गेस्टहाउस जून-जुलैसाठी महिनोन्‌महिने आधी पकडावं लागतं. कॅम्पसाइट बहुतेक ठिकाणी आयत्या वेळी मिळते. हवा बिघडली तर दक्षिणेला एक दिवस जास्त थांबता येतं, ते स्वातंत्र्य मोठं आहे. तिकडे माणसं सकाळी आधी हवा आणि रस्त्याची स्थिती बघतात, मगच कुठे जायचं ते ठरवतात.

मालवणी_खाजा | १० फेब्रुवारी, रात्री ८:२२

खाण्याचं कोणीच बोलत नाही म्हणून मी. ह्योप्न नावाचं बंदर लागेल आग्नेयेला, तिथे छोटे लॉबस्टर मिळतात, लोण्या-लसणातले. खिशाला चटका बसेल, तरी खा. आणि 'हार्दफिस्कुर' म्हणजे वाऱ्यावर सुकवलेला मासा. तो चिप्ससारखा लोणी लावून खातात. आमच्या घरी सुकं खारं करताना जो वास येतो तो पुडी फोडल्या फोडल्या आला आणि मी परदेशात आहे हे विसरलो.

रानजाई | १० फेब्रुवारी, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. पण सुमी शाकाहारी आहे, अंडंही नाही.

मालवणी_खाजा | १० फेब्रुवारी, रात्री १०:१७

मग मैत्रीण बदला.

चहाबाज | १० फेब्रुवारी, रात्री १०:१८

=))

सुगरणीचा_खोपा | ११ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

शाकाहारी असाल तर कॅम्परव्हॅनच घ्या, हा माझा एका शब्दात निकाल. बाहेरचं खाणं महाग, शाकाहारी पर्याय थोडे. स्वतःची शेगडी असली की भागतं. बोनस नावाचं स्वस्त दुकान आहे, पाटीवर गुलाबी डुक्कर. तिथून बटाटे, कांदे, टोमॅटो, लोणी घ्यायचं. मूगडाळ, तांदूळ, मेतकूट, गोडा मसाला इथून न्यायचा. शेगडीच्या गॅसचे डबे विकत घेण्याआधी कॅम्पसाइटच्या स्वयंपाकघरातली फळी बघा. परतीला लागलेले लोक अर्धे भरलेले डबे, मीठ, तेल, पास्ता तिथे ठेवून जातात.

एक कळकळीची विनंती, फोडणी व्हॅनच्या आत करू नका. मी पहिल्या रात्री केली. अकरा दिवस हिंगाच्या पांघरुणात झोपलो. आणि छोटा कुकर नेलात तर शिट्टी होईल हे शेजाऱ्यांना आधी सांगा. आमच्या पहिल्या शिट्टीला तीन तंबूंच्या चेनी एकदम उघडल्या होत्या.

गोडाचं विचाराल तर 'स्कीर' घ्या. दिसायला दही, पण मलई काढलेल्या दुधाचं आणि टांगून घट्ट केल्यासारखं. साधं स्कीर म्हणजे जवळजवळ आपला चक्का. पिठीसाखर, वेलची, केशराच्या चार काड्या घातल्या की श्रीखंड.

पुणेरी_पगडी | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:३५

चक्क्याला आंबटपणा आणि स्निग्धता दोन्ही लागतात. मलई काढलेल्या दुधाचा तो चक्का नव्हे.

सुगरणीचा_खोपा | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:४१

म्हणून "जवळजवळ" लिहिलंय हो.

दगडधोंडा | ११ फेब्रुवारी, दुपारी ४:०२

थोडं अवांतर. इथून जाणाऱ्याने तिथला दगड बघावा, आपल्याच घरचा आहे. रेनिसफ्याराच्या काळ्या किनाऱ्यावर बेसॉल्टचे षटकोनी खांब उभे आहेत, स्वार्तिफॉस धबधब्यामागेही तसेच. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात, त्यातून हे खांब होतात. अंधेरीचा गिल्बर्ट हिल त्याच प्रकारचा, इमारतींच्या गर्दीत अंग चोरून उभा आहे. फरक वयाचा. आपला दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. आइसलँडचा जुन्यातला जुना दगड दीड कोटीच्या आसपासचा, आणि नवा अजून तयार होतोय. २०२१ पासून रेक्यानेस भागात उद्रेक होतायत, नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंदाविक गाव रिकामं करावं लागलं. थिंगवेल्लीरला उत्तर अमेरिकेचा आणि युरेशियाचा असे दोन भूपट्ट वर्षाला साधारण दोन सेंटिमीटरने एकमेकांपासून लांब जातायत, ती दरी चालत ओलांडता येते.

रेनिसफ्याराला मात्र खांबांचे फोटो काढताना समुद्राकडे पाठ करू नका. शांत लाटांमध्ये अचानक एक लाट फार आत येते आणि माणसं ओढून नेते. तिथे माणसं गेली आहेत. धोक्याचे दिवे लावलेत, ते पाळा.

उत्तरायण | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३०

दगडधोंडा, मस्त. त्यात ही भर: हा रिंग रोड पूर्ण झाला तो १९७४ मध्ये. स्केइदारार्सान्दुर नावाचं हिमनदीखालच्या नद्यांनी भरलेलं वाळूचं मैदान पार करता येत नव्हतं, तिथे पूल झाला तेव्हा वर्तुळ जुळलं. १९९६ मध्ये वात्नायोकुल हिमनदीखाली ज्वालामुखी फुटला, बर्फ वितळून लोंढा आला आणि पुलाचं वाटोळं झालं. पिरगळलेले दोन गर्डर अजून रस्त्याकडेला ठेवलेत. आपण धुण्याला पीळ देतो तसा लोखंडाला दिलेला दिसतो. तिथे थांबा, फुकट आहे.

खवचट_खापर | ११ फेब्रुवारी, रात्री ९:१२

एवढ्या पैशात दोघींचं कोकणात तीन महिने राहून होईल. तिथेही समुद्र आहे, बेसॉल्ट आहे, सुका मासा आहे, श्रीखंड तर आहेच.

निळाई | ११ फेब्रुवारी, रात्री ९:२०

खापरभाऊ, कोकणात गेल्यावर तीन महिने पाहुण्यांची उठबस कोण करणार? बायका घर सोडून लांब का जातात हे कळायला तुम्हाला वेळ लागेल.

पडघम | ११ फेब्रुवारी, रात्री ९:२१

+१००

निळाई | ११ फेब्रुवारी, रात्री ९:४८

मूळ प्रश्नावर येते. मी टास्मानियात मैत्रिणीबरोबर व्हॅनने फिरले. तिथे डावीकडून चालवायचं, म्हणून चालवण्याचा त्रास नव्हता. त्रास वेगळाच झाला. चालवणारी दमते आणि शेजारची ताजी असते. मुक्कामाला पोचल्यावर एकीला पाय लांब करायचे असतात, दुसरीला फिरायला जायचं असतं. सुमीताईंना आधीच कामं वाटून द्या. नकाशा, पुढचा पेट्रोल पंप, कॅम्पसाइटचे पैसे, स्वयंपाक, पाणी भरणं हे सगळं त्यांचं. तुमच्याकडे फक्त स्टिअरिंग.

आणि पोहायला जा दोघी. तिथे गावागावात गरम पाण्याचा तलाव असतो, दिवसभराची पाठ मोकळी होते. (आइसलँडलाही दोन दिवस गेले होते, म्हणून माहीत.) मात्र पाण्यात उतरण्यापूर्वी साबण लावून, कपडे काढून अंघोळ करावी लागते, सगळ्यांबरोबर, आडोशाशिवाय. भिंतीवर चित्र लावलेलं असतं, कुठे कुठे घासायचं ते लाल रंगाने दाखवलेलं. मी दहा मिनिटं बाकावर टॉवेल घट्ट धरून बसले होते. मग बघितलं की ऐंशीच्या आज्ज्या निवांत गप्पा मारत अंग घासतायत. कुणाला माझी पडलेली नव्हती.

रानजाई | १२ फेब्रुवारी, रात्री ११:३०

सुमीला हा धागा वाचायला दिला. तिचं म्हणणं: कॅम्परव्हॅन ठरली, तलावाचं बघू, आणि "मी गुणगुणत नाही."

खवचट_खापर | १३ फेब्रुवारी, सकाळी १०:००

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. फोटोसकट.

---

रानजाई | ८ जुलै, रात्री ९:१५

धागा वर काढतेय. परवा परत आलो, दोघी बोलतोय एकमेकींशी.

आधी मूळ प्रश्न. एकटीने चालवणं झेपलं. अकरा दिवसांत मीटरवर १,९८४ किलोमीटर झाले, आडवाटा धरून. पहिल्या दिवशी केफ्लाविकहून निघताना वायपर लावले तीन वेळा, इंडिकेटर द्यायचा होता तेव्हा. दुसऱ्या दिवशी सेल्यालान्ड्सफॉस धबधब्याच्या मागून चालत गेलो, चिंब भिजलो आणि व्हॅनमध्ये कपडे वाळत घातले. सकाळी छतातून पाणी टपकतंय म्हणून मी घाबरले. छत नव्हतं गळत, आमचेच श्वास आणि ओले कपडे. त्यानंतर रात्री खिडकी बोटभर उघडी ठेवायला लागलो.

वाऱ्याचं उत्तरायण यांनी सांगितलं नसतं तर दार गेलंच होतं. योकुल्सार्लोनला, जिथे हिमनगाचे तुकडे वाहत समुद्राकडे जातात, सुमीने दार जेमतेम चार बोटं उघडलं आणि ते तिला घेऊनच बाहेर निघालं. तिने सोडलं नाही. दोन्ही हात दाराला, एक पाय आत, एक हवेत, आणि ओरडत होती की "माझा मफलर!" मफलर हिमनगांच्या दिशेने गेला. तेव्हापासून ती आधी गवत कुठे झुकलंय ते बघायची, मग मला गाडी वळवायला सांगायची.

आता भांडण. झालं. सहाव्या दिवशी, एगिल्सस्टादिरहून मीवात्नला जाताना. ती दर दहा मिनिटांनी "इथे थांब ना" म्हणायची. मेंढी दिसली थांब, जांभळी लुपिनची फुलं दिसली थांब, काहीच दिसलं नाही तर "किती मोकळं आहे बघ" म्हणून थांब. चौदाव्या वेळी मी म्हटलं, "तू शिकली असतीस तर तूच थांबवली असतीस." हे मी बोलायला नको होतं. तीनदा सोडून आली त्याचं तिला किती लागलेलं आहे, मला माहीत होतं.

त्या पट्ट्यात गाव नाही, झाड नाही, नुसतं राखाडी माळरान. ऐंशी-नव्वद किलोमीटर आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. ती नकाशा मांडीवर घेऊन बसली होती आणि वळण आलं की फक्त बोट दाखवायची. मीवात्नला पोचलो. 'मी' म्हणजे चिलटं, 'वात्न' म्हणजे तळं, हे आम्हाला नंतर कळलं. दार उघडलं आणि नाकातोंडात शिरली. बाहेर उभं राहणंच शक्य नव्हतं, म्हणजे रुसून फिरायला जायचीही सोय नाही. दारं लावून आत बसलो. सुमीने आलं किसलं, चहा टाकला. काचांवर वाफ धरली. तिने माझा कप पुढे केला, त्यात तीन चिलटं तरंगत होती. ती म्हणाली, "शाकाहारी मी आहे, तू पी."

मग तिनेच तोड काढली. दुसऱ्या दिवसापासून डॅशबोर्डवर सकाळी आठ शेंगदाणे मांडायचे. प्रत्येक थांब्याला तिने एक खायचा, संपले की थांबे संपले. गोदाफॉस धबधब्यापर्यंत नीट चाललं. आकुरेरीला (तिथे सिग्नलचा लाल दिवा बदामाच्या आकाराचा आहे, त्याचा एक शेंगदाणा) मला संशय आला, की दुपारी तीनलाही पाच शिल्लक कसे?

आणखी एक, माझीच चूक. आकुरेरीजवळच्या वाद्लाहेइदी बोगद्याला टोल आहे, पण नाका नाही, ऑनलाइन भरायचा असतो. मी विसरले. गाडीवाल्या कंपनीने बिलात टोल आणि वर आपला सेवाआकार लावून पाठवला.

माईची_नात | ८ जुलै, रात्री ९:४०

आणि रात्रीची दीडशे पावलं?

रानजाई | ८ जुलै, रात्री ९:४४

ते तुमचं शंभर टक्के खरं निघालं. दोघी एकाच वेळी उठायचो, म्हणजे दार एकदाच उघडायचं. रात्री दोनला तळ्यावर गुलाबी उजेड होता, सुमी गुणगुणत होती. मी काही बोलले नाही.

मालवणी_खाजा | ८ जुलै, रात्री १०:०२

ह्योप्नचे लॉबस्टर?

रानजाई | ८ जुलै, रात्री १०:०५

खाल्ले. सुमी समोर बसून ब्रेड-लोणी खात होती आणि दर घासाला किंमत रुपयांत सांगत होती.

पुणेरी_पगडी | ८ जुलै, रात्री १०:११

श्रीखंडाचं काय झालं ते लिहा.

रानजाई | ८ जुलै, रात्री १०:१९

आंबट होतं, स्निग्ध नव्हतं. दोघींनी अर्धा किलो संपवलं.

निळाई, तलावात गेलो. आधी सुमी गेली, मी बाकावर बसले होते. आणि ती सोमवारपासून ड्रायव्हिंग क्लासला जातेय. काल कॉलेज रोडला सिग्नलवर चारदा बंद पडली म्हणे, पण उतरून आली नाही.

चहाबाज | ८ जुलै, रात्री १०:२३

सगळं वाचलं. एकच शंका: शेंगदाणे खारे होते का साधे?

रानजाई | ८ जुलै, रात्री १०:२५

खारे. सुमीच्या आईने भाजून दिलेले, किलोभर. तिच्या जॅकेटच्या खिशात होते सगळे, काल धुवायला टाकताना सापडले.